पकड : निरंक

पहिलं पत्रक माझंच. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ते खिशातून काढून माझ्या तोंडासमोर नाचवायला नको. 'बंधारा झालाच पाहिजे!' असा मथळा, त्याखाली चार मागण्या आणि तळाला निमंत्रक म्हणून मी. वय एकोणीस. अलिबागच्या छापखान्यात ते पिवळ्या कागदावर छापलं, कारण पांढरा संपला होता. गठ्ठा मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो, शेवटचे दोन मैल चाललो आणि आत्याच्या गावात घराघरांतून वाटला.

त्या मागणीत खोटं काहीच नव्हतं. होळी झाली की तिथल्या बायका नदीच्या पात्रात वाळू उकरायच्या आणि करवंटीने पाणी भरायच्या. एक हंडा भरायला सकाळ जायची. आत्याही त्यांच्यातच. माझे वडील रेवदंड्याला नारळीच्या वाडीत शिंपणं करायचे. तिथे रहाट होता, पाणी होतं. आत्याला मात्र आतल्या भातशेतीच्या गावात दिलेलं. मूल नाही, नवरा लवकर गेला. सासरी देवीची पूजा होती, ती तिच्याकडे आली. तिच्या हाताला करवंटीचे घट्टे पडलेले पाहून मी ते पत्रक लिहिलं. आजही लिहीन. फक्त एक ओळ जास्त लिहीन.

गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथे काळ्या कातळात एक कोंड आहे. कोंड म्हणजे खोल डोह. काठावर देवीचं कौलारू देऊळ. नदी वाळून दगडगोटे उघडे पडले तरी कोंड भरलेला असायचा, कारण वरून मनगटाएवढी एक धार उन्हाळाभर त्यात पडत राहायची. त्या धारेकडे माझं कधी लक्षसुद्धा गेलं नाही.

कोंडात खडस मासे होते. हातभर लांब, काही त्याहूनही मोठे, अंगावर घासलेल्या पितळेसारखे खवले. ते देवीचे. ते पकडायचे नाहीत, त्यांना शिवायचं नाही आणि मोजायचंही नाही. कोंडातलं आणि धारेचं पाणीही त्यांचंच, तिथे कुणी हंडा भरत नसे. लहानपणी मी एकदा "एक, दोन, तीन" सुरू केलं, तर आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. सकाळी पूजा झाली की ती पायरीवर बसून लाह्या टाकायची आणि पाणी उकळल्यासारखं व्हायचं. ओठ फाटलेली एक मोठी मादी होती. आत्या तिला 'म्हातारी' म्हणायची आणि ती सगळ्यांच्या नंतर यायची, निवांत, मानकरणीसारखी. गावात नवी सून आली की पहिल्या दिवशी तिच्या हातून लाह्या टाकवायच्या. मासा मेलेला सापडला तर त्याला हळद लावायची, नव्या कापडात गुंडाळायचं, करंजाखाली पुरायचं. पुरणारा घरी जाऊन अंघोळ करून मगच जेवायचा.

आम्हा समुद्राकाठच्या माणसांना हे सगळं हसण्यासारखं वाटे. वडील म्हणायचे, "तुझ्या आत्याच्या गावात मासे जेवतात आणि माणसं बघत बसतात."

बंधारा झाला. कोंडाच्या वर अर्ध्या मैलावर, दगडी, सरळसोट. आमच्या पत्रकामुळे झाला असं आम्ही भाषणांतून सांगायचो. सरकारने तो आधीच ठरवला होता हे नंतर कळलं, पण ते कबूल करायला आम्ही काही पत्रक काढलं नाही. बंधाऱ्यात पाणी साठलं. बायकांचं वाळू उकरणं थांबलं. दोन हिवाळे लोकांनी भातानंतर वाल केले. मी छाती काढून फिरत होतो.

पहिल्याच पावसाळ्यात आत्याने मला बोलावून घेतलं. "चल, तुला दाखवते," म्हणाली आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी नेलं. गढूळ पाणी भिंतीवरून पडत होतं आणि त्या पाण्यातून खडस उड्या मारत होते. उडी, भिंतीवर आपटणं, खाली. पुन्हा उडी. पावसात हे मासे वर डोंगरातल्या वहाळांत अंडी घालायला जातात आणि पूर ओसरताना कोंडात परततात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. चार मागण्या लिहिणाऱ्या मला ते माहीत नव्हतं.

"ह्यांना वाट कुठं ठेवलीस रं, बाला?" आत्याने विचारलं.

मी हसलो. म्हणालो, "आत्या, बंधाऱ्याला काय माशांसाठी जिना लावायचा?"

असा जिना खरोखरच असतो. दगडाच्या टप्प्याटप्प्यांचा, बाजूने पाणी सोडलेला. पुढे एका सरकारी पुस्तिकेत मी त्याचं चित्र पाहिलं.

त्यानंतर बंधाऱ्याशेजारी पुठ्ठ्याचा कारखाना आला. भाताचा पेंढा चुन्याच्या पाण्यात शिजवून पुठ्ठा करायचा. पाणी बंधाऱ्यातून उचलायचं आणि शिजवलेलं काळपट पाणी नाल्याने खाली सोडायचं. नाला उतरतो तो बंधाऱ्याच्या खाली आणि कोंडाच्या वर. म्हणजे वरची गोडी धार भिंतीमागे अडकली आणि तिच्या जागी हे आलं. चहाच्या चोथ्यासारखा रंग, वर साबणासारखा फेस, आणि गोठ्यात महिनाभर कुजलेल्या पेंढ्यासारखा वास. पहिल्या उन्हाळ्यात कोंडाच्या कडेला लहान मासे उताणे दिसायला लागले. आत्या एकेकाला हळद लावून पुरायची आणि रोज अंघोळ करून उशिरा जेवायची.

मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. अन्याय आहे, कागद आहे, छापखाना आहे. तालुक्याला आमचे एक पुढारी होते, आम्ही त्यांना भाई म्हणायचो. लिहायला मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा नियम होता, एका पत्रकात एक मागणी आणि एक शत्रू. मी दुसरं पत्रक लिहिलं : 'कारखान्याचं पाणी बंद करा! कोंड वाचवा!'

ते घेऊन गावात शिरलो तर रस्त्यावर पेंढ्याच्या बैलगाड्यांची रांग. सगळ्या कारखान्याकडे तोंड करून उभ्या. पहिल्या गाडीवर आत्याच्या शेजारचे काका बसले होते. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी कोंड बघितलेला. त्यांनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्याच्या आदीचा पिवला कागद बी तुझाच नं?"

"हो काका."

"त्यात म्हनलंस पानी द्या. आता म्हनतोस पानी बंद करा. एक कायतरी ठरव, बाला."

मागच्या गाडीवरचा हसला. काका हसले नाहीत. "कारखाना बंद झाला तर ह्यो पेंढा कुठं घालू? तुझ्या छापखान्यात?"

माझ्या नियमात एक शत्रू बसत होता. इथे शत्रू गाडीवर बसून मला "बाला" म्हणत होता, आणि त्याच्याच सुनेने चार वर्षांपूर्वी कोंडात लाह्या टाकल्या होत्या.

मग मी अलिबागला गेलो, मासळीच्या खात्याच्या कचेरीत. कारकुनाने छापील फॉर्म पुढे सरकवला. गावाचं नाव, नदी, माशाची जात, वार्षिक पकड मणांत, पकडणारी कुटुंबं.

"पकड काही नाही," मी म्हणालो. "ते देवीचे आहेत. कुणी पकडत नाही."

"मग नुकसान कुणाचं?"

"माशांचं."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "मग अर्ज माशांनी करायला हवा, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?" शेजारच्या टेबलावरचाही हसला. मला त्यांच्या टेबलावरचा सगळा कागद नदीत टाकावासा वाटला. ज्याला माणसाने मारून खाल्लं नाही, त्याचं मरण सरकारच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. पिढ्यान् पिढ्या गावाने जे राखलं ते राखल्यामुळेच बेवारस ठरलं. याहून मोठा अन्याय मला अजून भेटलेला नाही, आणि मी अन्याय शोधतच फिरत असतो.

भाईंना सांगितलं. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "मग लिही ना पकड. वीस मण लिही. तीस कुटुंबं लिही."

"खोटं?"

"मासे मरतायत हे खरं आहे ना? मग पुढचं सगळं त्या खऱ्यासाठी."

मी लिहिलं. वीस मण, तीस कुटुंबं, 'उपजीविकेचे प्रमुख साधन'. अक्षर छान काढलं.

त्या फॉर्मने काम केलं. माघ संपता संपता एक अधिकारी जीप घेऊन पंचनाम्याला आले. आदल्या दिवशी संध्याकाळी मी देवळापुढे गाव गोळा केला आणि बजावलं, "साहेब विचारतील, मासे खाता का? फक्त 'व्हय' म्हणा. बाकी मी बघतो." पेंढेवाले काका सगळ्यांत आधी तयार झाले. म्हणाले, "पेंढा इकतो म्हनून काय देवीचा वैरी हाय व्हय मी?" आत्या खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी बोलनार न्हाय. गप ऱ्हाईन." तेवढं मला पुरे होतं.

अधिकारी माणूस भला निघाला. वाकून पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, टाकलं. कातळावर रुमाल घालून बसला आणि फॉर्म मांडीवर ठेवला. त्याने विचारलं, "हे मासे तुम्ही पकडता?" काका म्हणाले, "व्हय." "सगळं गाव खातं?" चार-पाच जणांनी मान हलवली. पेन सरकायला लागलं.

आणि त्या भल्या माणसाने पेन थांबवून, नुसतंच गप्पा मारल्यासारखं, विचारलं, "मी मालवणकडचा. खडस कधी खाल्ला नाही बघा. चवीला कसा लागतो?"

कोण सांगणार? त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी धीर केला. "ग्वाड."

"गोड?"

"म्हंजे... काटं हायत."

"काटे तर सगळ्यांनाच असतात हो. कालवण करता की तळता?"

"व्हय," काका म्हणाले.

कुणीतरी खुदकन हसलं. काकांचे कान लाल झाले. त्यांनी देवळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. "साहेब, माझ्यानं न्हाय व्हायचं ह्ये," ते म्हणाले. "देवी ऐकत्ये. आमी न्हाय खाल्ला कंदी."

बस्स. बांध फुटला. गप्प बसलेलं गाव एकदम बोलायला लागलं. आदल्या दिवशी दिलेला शब्द सगळे विसरले आणि मासा कुणीही, कधीही शिवलेला नाही हे साहेबांना पटवून देण्यात चढाओढ लागली. "माझ्या आजानं दुष्काळात कंद खाल्लं, पन ह्यो शिवला न्हाय!" "एकानं गळ टाकलेला, त्याच्या घरचं पानी बंद केलेलं गावानं!" "आमची मांजर बी हितं येत न्हाय, साहेब!" शेवटी आत्यासुद्धा उठली. गप्प राहीन म्हणाली होती ती. पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "ह्या हातानी पुरलेत मी, साहेब. खाल्लं न्हाईत."

मी ओरडत होतो, "अरे, थांबा! अरे, काय करताय?" कुणी ऐकलं नाही. इतकी वर्षं इमानाने राखण केली आणि आज कुणीतरी कागदपेन घेऊन ते विचारायला आलंय, असं त्यांना वाटलं असावं. प्रत्येकजण आपली साक्ष नोंदवत होता आणि प्रत्येक साक्षीने कोंड आणखी बुडत होता.

अधिकाऱ्याने माझ्या वीस मणांवर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं : पकड निरंक.

जीपपर्यंत मी त्याच्या मागे गेलो. भांडायलाच गेलो होतो. तो म्हणाला, "तुमचा राग कळतो मला. पेंढ्याचा चोथा पाण्यात कुजतो आणि कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतो. उन्हाळा तापला की मासा पाण्यात असूनही गुदमरेल. वरून थोडं पाणी सोडलं तर वाचतील. पण बंधारा माझ्या खात्याचा नाही, कारखाना माझ्या खात्याचा नाही. माझ्या खात्याला मासळी दिसते. पाणी दिसत नाही." मग जीपमध्ये चढताना म्हणाला, "वीस मण लिहायला नको होतं तुम्ही." जीप गेली. त्याने जाता जाता बंधाऱ्याच्या कचेरीला चिठ्ठी दिली होती असं नंतर ऐकलं. चिठ्ठीचं काय झालं ते ऐकलं नाही.

चैत्रात कोंड अर्ध्यावर आला. आता मासे वरच आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडमीट, उघडमीट. लाह्या तशाच तरंगत राहायच्या. मी म्हणालो, हंड्यांत भरून भिंतीच्या वर नेऊन सोडू. पण शिवायचं म्हणजे देवीची परवानगी हवी. आत्याने कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाव सकाळपासून बसलं. ऊन डोक्यावर आलं, कललं. पाकळ्या वाळल्या, काळ्या पडल्या. एकही पडली नाही.

"काय समजायचं?" मी विचारलं.

"बोलत न्हाय ती," आत्या म्हणाली.

"तिला विचारतंय कोण! मासे मरतायत, आत्या!"

"मंग कोनाला इचारू? तुझ्या साहेबाला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोंडावर गेलो तेव्हा पाण्याचा रंग दिसत नव्हता, नुसती पांढरी पोटं. मधोमध म्हातारी अजून सरळ होती, पण एका अंगाला कलत होती, पुन्हा सावरत होती. आत्या पायरीवर होती. मी तिच्याकडे न बघता उडी मारली. लहान मासे उचलायचे की मोठा, असा विचारसुद्धा केला नाही. पंचा पसरून म्हातारीला धरलं. झटापट झाली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. काठावर कुणाचं तरी घमेलं होतं. त्यात तेच घाण पाणी घेतलं, तिला वाकवून ठेवलं आणि धावत सुटलो.

अर्धा मैल. वाटेत गोटे, पाणी हिंदकळून जात होतं, ती घमेल्यात शेपटी आपटत होती आणि मी तिला, एका माशाला, "थांब गं, आलंच" म्हणत होतो. भिंतीच्या वरच्या अंगाला पोचलो. स्वच्छ पाणी, तळ दिसणारं. आम्हीच मागून घेतलेलं. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांत सरळ धरली. तोंड दोनदा उघडलं. हात सोडले की ती उलटायची. पुन्हा धरायचो, पुढे-मागे हलवायचो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग तिचं अंग लाकडासारखं झालं.

घमेल्यात घालून परत आणली. कोंडावर सगळं गाव आलं होतं. पेंढेवाले काका छातीएवढ्या पाण्यात उभे राहून मेलेले मासे बाहेर देत होते आणि आत्या एकेकाला हळद लावत होती. हळद संपली. घरोघरची आणली. कापड त्याआधीच संपलं होतं. बायकांनी जुनी लुगडी फाडली, तीही पुरली नाहीत. मला सुचलं तेवढंच मी केलं. आत्याच्या ओटीवर पत्रकांचा गठ्ठा पडला होता, 'कोंड वाचवा'चा, न वाटलेला. तो आणून तिच्यापुढे ठेवला.

आत्याने कागदाकडे पाहिलं. "कागदात सुकट बांधतात, बाला," ती म्हणाली. "ह्ये बाजारचं न्हाईत."

उरलेले मासे वडाच्या पानांत पुरले. आता मोजू नका म्हणून कुणी दटावत नव्हतं, तरी मोजले कुणीच नाहीत.

म्हातारीसाठी आत्याने स्वतःचं एक लुगडं राखलं होतं. ते उलगडताना तिने मला विचारलं, "ही वर न्हेताना जिती व्हती?"

"होती."

"तुझ्या हातात गेली?"

"हो."

तिने गुंडाळायचं थांबवलं नाही. पदराचं टोक आत खोचलं, गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाली, "मंग त्या साहेबाला कलव. एक पकडला म्हनावं. माझ्या भाच्यानं."

मग मी खड्डा खणायला घेतला. तिला पुरून झाल्यावर अंघोळ केली आणि जेवलो नाही.